टच ब्रेसलेटची जोडी: गोष्टीला भारी, बाकी बेताचंच

नात पुण्यात, मी उदगीरला. लेकानं ही जोडी घेऊन दिली. मी माझ्या पट्ट्यावर बोट टेकवलं की तिच्या मनगटाला कंप जाणवतो, बारीक दिवा लागतो. रात्री फोन स्पीकरवर टाकून गोष्ट सांगते. वाघ दबकत आला की हळूच टकटक, झेप घेतली की बोट दाबूनच धरायचं, पोरगी किंचाळतेच! पण पट्ट्याला स्वतःचं नेट नाही. तो ब्लूटूथनं फोनला जोडलेला, पुढं सगळं फोनच्या नेटवर. फोन घरात अन् मी गच्चीवर, की संपलं. रेंज गंडली की कंप उशिरा पोचतो, तोवर वाघ पळालेला! नुसत्या ‘आठवण आली’साठी एवढे पैसे? त्याला मिस्ड कॉल आहे की. पट्टाही लेचापेचा, बदलून मिळतो का, आधी विचारा.