मामाच्या हातात सळई आणि रिपोर्ट माझ्या पोरीचा

लिहू का नको असं करत दोन महिने गेले. घरातले म्हणत होते कशाला गावभर करायचं, पोरीचं नाव निघतं. पण परवा शेजारच्या गावातली एक बाई तिच्या मुलाला घेऊन, आम्ही फसलो तसल्याच, मशीनची सळई मुठीत धरायला लावून रिपोर्ट देणाऱ्या शिबिराला चाललेली कळलं आणि मग म्हणलं आता लिहायचंच.

आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. मुलगी चौदा वर्षांची, नववीत. मागच्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या झाल्या तिचं पोट दुखायला लागलं, बेंबीच्या उजव्या बाजूला थोडं खाली, रोज. आधी वाटलं शाळेचा कंटाळा असेल, मग वाटलं पाळीचं असेल, आमच्या आत्याबाई म्हणाल्या नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. गावातल्या डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, पित्ताच्या गोळ्या दिल्या. जुलैत विडाल टेस्ट केली तर पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉईड धरून सलाईन लावलं, तिला ताप एकदाही आलेला नव्हता. मला नंतर समजलं की नुसत्या एका विडालवर टायफॉईड ठरवता येत नाही, आपल्याकडं जुन्या इन्फेक्शनमुळं पण ती पॉझिटिव्ह येते. मग सांगलीत सोनोग्राफी, त्यात पोटात बारीक गाठी लिहून आल्या आणि आमची झोपच उडाली. तशा बारीक गाठी बऱ्याच निरोगी पोरांच्या सोनोग्राफीत पण दिसतात हे त्यावेळी आम्हाला कुणी सांगितलं नाही. कुणी टीबी म्हणलं, कुणी अपेंडिक्स काढून टाका म्हणलं. पोरगी शाळेत वर्गात वाकून बसायची, खो-खो सोडला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरातले पण तिला नाटक करते म्हणायला लागले. मी पण एकदा म्हणलं होतं. ते माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीच्या आधी एका मंगल कार्यालयात शिबिर लागलं. मोठा फ्लेक्स, फुल बॉडी चेकअप, रक्त न काढता, एका मिनिटात, फक्त ३०० रुपये. माणसाचा पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, नावापुढं डॉक्टर. डिग्री काय, रजिस्ट्रेशन नंबर काय, फ्लेक्सवर कुठंच नव्हतं आणि मला ते बघायचं सुचलं पण नाही. एक छोटा डबा लॅपटॉपला जोडलेला, त्याला वायर आणि वायरीला स्टीलची सळई. पोरीचं वय, उंची, वजन, मुलगा का मुलगी एवढं टाइप केलं आणि सळई मुठीत धरायला सांगितली. एक मिनिट झालं आणि चाळीस-बेचाळीस पानांचा रंगीत रिपोर्ट बाहेर आला. हृदय, लिव्हर, हाडं, मेंदू, सगळ्याचे आकडे, लाल-पिवळे-हिरवे. आतड्याची शोषणशक्ती कमी, अंडाशयाला सूज, शरीरात विषारी घटक. तो माणूस माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाला, ताई, सहा महिने उशीर केलात तर हे कॅन्सरकडं जातं. आठ ठिकाणी फिरून कुणी काही सांगत नव्हतं आणि हा माणूस चाळीस पानं लिहून देत होता, कुठल्याही आईनं पैसे काढले असते.

पहिल्या महिन्याचं किट १२,५००, पुढं महिन्याला ९,०००. कोल्ड स्टोरेजमधला थोडा बेदाणा ह्यांनी भाव नसताना काढला तो ह्याच्यासाठी. पैसे स्कॅन करून भरले तर नाव एका बाईचं आलं, मी विचारलं तर म्हणे मॅडम अकाउंट बघतात. पावती मागितली तर पुढच्या महिन्यात देतो. डब्यांवर नुसतं एक, दोन, तीन असे नंबर, आत काय आहे ते नाही, कंपनी नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. आणि वर पथ्य, दूध बंद, गहू बंद, शेंगदाणे, टोमॅटो, अंडी, चिकन बंद. वाढत्या वयातली पोर भाकरी आणि मुगाच्या पाण्यावर. दीड महिन्यात चार किलो उतरली. दुखणं वाढलं म्हणून फोन केला तर म्हणाला शरीराची शुद्धी चालू आहे, दुखणं वाढतंय म्हणजे औषध लागू पडतंय. हे वाक्य लक्षात ठेवा. बरं वाटलं तरी औषधामुळं आणि त्रास वाढला तरी औषधामुळंच, मग चुकलंय हे कळायचं कधी?

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा माझा भाऊ सोबत होता. गर्दी खूप. पोरीला मळमळायला लागलं म्हणून मी तिला मागं बाथरूमला घेऊन गेले. परत आलो तर तिथला पोरगा म्हणाला झालं, रिपोर्ट आलाय. मला वाटलं आधीच घेतला असेल. पैसे भरले, किट घेतलं, घरी आलो. रात्री जेवताना भाऊ म्हणाला, अगं, आज तिनं सळई धरलीच नाही, मशीन चालू झालं होतं म्हणून त्या पोरानं माझ्या हातात दिली.

मी रिपोर्ट काढून बघितला. अंडाशयाला सूज. सळई माझ्या भावाच्या हातात आणि अंडाशयाला सूज. आणि भावाला सहा वर्षं शुगर आहे, रोज गोळी चालू आहे, त्या पानावर शुगर नॉर्मल, हिरव्या रंगात. मी रात्री अकराला ते पान हातात घेऊन रडले. मग कळलं की त्या मशीनला आतलं काहीच दिसत नसतं, आधी टाइप केलेल्या वय-वजनावरून ते आकडे बनतात. सकाळी फोन केला तर म्हणाला रक्ताचं नातं असलं की लहरी जुळतात. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

जानेवारीत ह्यांच्या लांबच्या बहिणीनं, ती नर्स आहे, मिरजेला एका वयस्कर सर्जनांकडं पाठवलं. त्यांनी सगळी फाईल बाजूला ठेवली आणि पोरीला टेबलावर झोपवलं. आठ महिन्यात नीट झोपवून पोट तपासणारे हे पहिलेच. रात्री दुखण्यानं जाग येते का, शौचातून रक्त जातं का, ताप येतो का, वजन कधीपासून उतरलं, उलट्या होतात का, पाळी, शाळा, सगळं तिलाच विचारलं, मला नाही. मग म्हणाले एका बोटानं दाखव कुठं दुखतं. तिनं बरोबर एक ठिकाण दाखवलं, त्यांनी तिथं पेननं ठिपका काढला. तिथली कातडी चिमटीत धरली तर ती कळवळली, डाव्या बाजूला तेवढीच चिमटी काढली तर काही नाही. मग त्या ठिपक्यावर बोट दाबून ठेवलं आणि तिला हात छातीवर घेऊन डोकं वर उचलायला सांगितलं. दुखणं एकदम वाढलं.

त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. दुखणं पोटाच्या आत असेल तर स्नायू ताठ झाल्यावर आतला भाग झाकला जातो आणि दुखणं बहुतेक कमी होतं, इथं वाढलं, म्हणजे दुखणं पोटाच्या भिंतीत आहे. बरगडीकडून येणारी बारीक नस पोटाच्या स्नायूतून कातडीकडं येताना तिथंच दाबली जाते. म्हणून सोनोग्राफीत काही नाही, रक्तात काही नाही. ह्या तपासणीला कार्नेटची खूण म्हणतात, १९२६ सालापासूनची आहे, एक बोट लागतं बाकी काही नाही. जुने सगळे रिपोर्ट परत बघितले, रक्ताची एक तपासणी नव्यानं केली आणि मग त्या ठिपक्यात भूल देणारं इंजेक्शन दिलं. पंधरा मिनिटांनी पोरगी खाली वाकून सँडलचा पट्टा लावत होती. मी तिला सात-आठ महिन्यात असं वाकताना बघितलं नव्हतं. ती मला म्हणाली, मम्मी, मी खोटं नव्हते बोलत. सांगताना आत्ता पण घसा भरून येतो.

एका इंजेक्शननं संपलं नाही, तीन घ्यावी लागली, अजून लांबचा प्रवास झाला की थोडं जाणवतं. डॉक्टरांनी सांगितलंय की परत वाढलं तर बारीक ऑपरेशन पण असतं. तपासायची फी ३०० रुपये, शिबिराच्या सळईएवढीच. तुमच्या पोराला हेच असेल असं मी म्हणत नाही, गव्हाचा त्रास असतो, आतड्याची सूज असते, खरंच टीबी पण असतो, आणि कधीकधी आत काही बिघाड नसताना पण दुखतं आणि ते पण खरंच दुखणं असतं. फक्त वजन उतरत असेल, उंची थांबली असेल, रक्त जात असेल, रात्री उठवणारं दुखणं असेल तर एक दिवस पण थांबू नका. आणि पोराला आधी एका बोटानं दाखवायला सांगा.

तक्रारीचं बघा, आम्ही ग्राहक आयोगात केलीये. पाच लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, दोन वर्षाच्या आत करायची, माहितीसाठी १९१५ ला फोन लागतो. पावती नाही म्हणून मी गप्प बसणार होते, पण पैसे भरल्याचे तिन्ही स्क्रीनशॉट, फ्लेक्सचा भावानं काढलेला फोटो, व्हॉट्सअपवरचे त्याचे मेसेज आणि ते तिन्ही रिपोर्ट, हे सगळं लावलंय. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पण अर्ज दिलाय, विचारलंय की हा माणूस कुठल्या कौन्सिलकडं नोंदलेला आहे. तुम्ही कुणी अशा शिबिरात पैसे भरले असतील तर मेसेज डिलीट करू नका आणि डबे टाकून देऊ नका. आमचं तिसरं किट न फोडता माळ्यावर ठेवलंय. पोरगी म्हणते फेकून दे, मला दिसलं तरी कसंतरी होतं. तिला म्हणलं, तारीख होईपर्यंत राहू दे.