केबल बदलू, राउटर बदलू की कंपनीच?

आमच्या कोथरूडच्या घरी दोन पावसाळे एकच गाऱ्हाणं होतं: पाऊस आला की नेट जातं. केबलवाल्याशी भांडून झालं, 'तुझ्या गच्चीवरच्या डब्यात पाणी शिरतंय' असं मीच त्याला ऐकवून झालं. शेवटी कंपनी बदलली. नव्या कंपनीच्या मुलाने फायबर, म्हणजे प्रकाश वाहणारी काचेची तार, आणलं आणि जुनी वायर ज्या वाटेने यायची त्याच वाटेने, म्हणजे बाल्कनीच्या स्लायडिंग खिडकीच्या खाचेतून, आत घेतलं. पहिल्या जोरदार सरीला घरातल्या फायबरच्या डब्यावर लाल दिवा. तेव्हा आई म्हणाली, "अरे, पाऊस आला की मी खिडकी लावते ना, तेव्हाच जातं." चौकटीशेजारी भिंतीला भोक पाडून घेतलं, दोनशे रुपये गेले, विषय मिटला. सहा महिन्यांचे आगाऊ भरलेले पैसे मात्र जुन्या कंपनीकडेच राहिले.

वायरचं नेट रडायला लागलं की आपल्या हातात तीन उपाय असतात: घरातली केबल, राउटर किंवा कंपनी. बहुतेक पुणेकर तिसऱ्यापासून सुरुवात करतात, कारण तिथे कुणावर तरी चिडता येतं. माझ्या मते क्रम उलटा हवा. पण त्याआधी दहा मिनिटं खर्च करा.

लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो वायरने राउटरला जोडा. स्क्रीनवर कमांडच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीत गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला सतत पिंग चालू ठेवा, म्हणजे 'आहेस का?' असं विचारत राहा. नेट जाईल तेव्हा राउटरचंही उत्तर तुटत असेल, तर दोष घरात आहे. राउटर खणखणीत उत्तर देतोय आणि चार आठवाला गप्प आहे, तर दोष राउटर किंवा त्याच्या पलीकडे आहे. दोन्ही चालू आहेत पण साइट उघडत नाहीत? मग डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधण्याची, भानगड आहे. राउटरमध्ये तेवढी सेटिंग बदला, काहीही विकत आणू नका.

केबल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लबाड. ती सहसा पूर्ण मरत नाही, अर्धी मरते. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसच्या वेगाला त्यातल्या दोन पुरतात, १००० ला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एक तार तुटली की बहुतेक उपकरणं मुकाट्याने १०० वर उतरतात. म्हणून प्लॅन २०० चा आणि स्पीड टेस्ट दर वेळी ९४-९५ वर अडकत असेल, तर कंपनीला फोन करण्याआधी केबल किंवा ती जिथे खुपसतो ते पोर्ट तपासा. कंपनी चोरी करत असती तर आकडा सहसा इतका नेमका आला नसता. जॅकचं प्लास्टिकचं लॉक तुटलं असेल, पाय लागला की नेट जात असेल, तर तपासायचीही गरज नाही. बदला.

घेताना 'कॅट सिक्स' एवढी प्रत छापलेली पाहून भुलू नका. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, एकाच नावाखाली दोन माल मिळतात: शुद्ध तांब्याचा आणि वरून तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा. दुसरा हलका आणि स्वस्त असतो, पण वाकवला की लवकर तुटतो. टोक ब्लेडने खरवडून पाहा, आतून पांढरं निघालं तर परत ठेवा. घरातल्या अंतरांना कॅट फाइव्ह-ई सुद्धा पुरते; १०० मीटरपर्यंत ती १००० एमबीपीएस नेते. आणखी एक फसवणूक म्हणजे जुन्या इमारतींत बिल्डरने दिलेला 'डेटा पॉइंट'. प्लेट उघडली की पुष्कळदा आत टेलिफोनची वायर निघते. त्या पॉइंटच्या नादी न लागता पट्टीतून नवी केबल ओढा. दोन खोल्यांपुरतं हे काम हजाराच्या आसपास होतं.

राउटरवर संशय केव्हा घ्यायचा? घरातली सगळी उपकरणं एकदम तुटतात आणि राउटरचे दिवे विझून पुन्हा लागतात तेव्हा. तरीही आधी त्याचा ॲडॅप्टर बदला. ॲडॅप्टर म्हातारा झाला की भार वाढताच राउटर स्वतःहून रीस्टार्ट होतो आणि दोष राउटरच्या माथी जातो. माळ्यावर किंवा टीव्हीच्या कपाटात कोंडलेला असेल तर बाहेर काढा. नवा घ्यायचाच असेल तर खोक्यावरचा '१२००' हा वायफायचा आकडा सोडा आणि मागची पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० ची, आहेत का ते वाचा. पुष्कळ स्वस्त राउटरची पोर्ट अजूनही १०० चीच असतात. लोकल ऑपरेटरचं कनेक्शन असेल तर पीपीपीओईचं, म्हणजे राउटरने त्यांच्याकडे लॉगिन करायचं, युजरनेम-पासवर्ड आधी मागून ठेवा. काही ठिकाणी जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, त्यांच्याकडे बांधलेला असतो. तो मोकळा करून घेतला नाही तर नवा राउटर शोभेचा.

कंपनी बदलणं मला दोनच परिस्थितींत पटतं. पहिली: घरापर्यंत अजून गच्चीवरून लोंबत आलेली तांब्याची केबल असेल. मधल्या स्विचला, म्हणजे घरोघरी नेट वाटणाऱ्या डब्याला, बहुधा बॅटरी नसते, त्यामुळे पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की तुमच्या घरी इन्व्हर्टर असूनही नेट जातं, आणि वळवाच्या विजांमध्ये पोर्ट जळतात. अशा घरी केबल, राउटर काही बदलत बसू नका, सरळ फायबर घ्या. दुसरी: रोज रात्री नऊ ते अकरा नेट मंदावतं आणि सोसायटीच्या ग्रुपवर इतरांचीही तीच रड असते. ती त्यांच्याकडची गर्दी आहे, तुमच्या घरात तिच्यावर औषध नाही.

फायबर असूनही तुटत असेल, तर डब्याचे दिवे बघा. एलओएस (सिग्नल हरवल्याचा दिवा) लाल म्हणजे प्रकाशच पोचत नाही: फायबर कुठेतरी तुटलंय, चेपलंय किंवा फार वाकलंय. दिवा ठीक पण नेट लटकतं, तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर, आत येणाऱ्या प्रकाशाची ताकद पाहा. ती उणे आकड्यात दिसते, आणि घरगुती डब्यांची मर्यादा साधारण उणे २७-२८ डीबीएमच्या (ताकद मोजायच्या एककाच्या) आसपास असते. आकडा तिथे टेकला असेल तर तक्रारीत तोच सांगा. 'नेट स्लो आहे' म्हणणाऱ्याला रीस्टार्ट करायला सांगतात, आकडा सांगणाऱ्याकडे माणूस पाठवतात.

बदलण्याआधी शेजारी विचारा की त्या नव्या कंपनीचं काम आपल्या भागात कोण बघतं. पुष्कळदा दोन्ही कंपन्यांची वायर एकच स्थानिक माणूस, एकाच खांबावरून आणतो. मग पाटी बदलते, रस्ता खणला की तुटणं तेच राहतं. वर्षाच्या प्लॅनवर सूट देतात, तरी पहिला महिना महिन्याचाच घ्या आणि जुनं कनेक्शन तोवर चालू ठेवा.

सदाशिव पेठेत भाड्याने राहत असाल तर चपटी तयार केबल दाराखालून नेऊन भागवा, भिंतीला हात लावू नका. घर स्वतःचं असेल आणि घरून काम करत असाल, तर राउटर आणि फायबरचा डबा दोन्हींना पुरेल असा, त्यांच्या ॲडॅप्टरइतक्याच व्होल्टचा छोटा यूपीएस वरील तिन्हींच्या आधी घ्या.

आणि फायबर टाकायला मुलगा येईल त्या दिवशी घरी थांबा. वाट कुठून न्यायची ते तुम्ही दाखवा. त्याच्या पिशवीत ड्रिल असतं, पण मागितल्याशिवाय तो ते बाहेर काढत नाही.