अपघातस्थळासाठी मोजणीचे चाक: घ्यावे, पण टेपसोबत

एक मीटर परिघाचे, घडीच्या दांड्याचे हे चाक घसरणीच्या खुणा (ब्रेक दाबल्यावर टायर घसरून रस्त्यावर उमटतात त्या) मोजायला उत्तम. वळणाऱ्या खुणेवर टेप टिकत नाही, हे मात्र खुणेवरूनच चालवता येते. आधी 30 मीटरच्या पोलादी टेपवर तपासून घ्या. रबरावर 3 मिलिमीटर चिखल बसला तर परीघ वाढतो आणि आकडा सुमारे 2 टक्के कमी येतो. खडीवर चाक उडते, तिथे भरवसा ठेवू नका.

पण खरी गोची लांबीची नसतेच. खुणेच्या लांबीवरून गाडीचा वेग काढायचे सूत्र: 254 × घर्षणांक (रस्त्यावर टायरची पकड किती, तो आकडा) × अंतर, त्याचे वर्गमूळ. 24 मीटर आणि 0.7 धरल्यास ताशी 65 किलोमीटर. अंतरात एक मीटर चुकले तर फरक दीडएक किलोमीटरचा, घर्षणांक 0.5 धरला तर थेट 55! म्हणून रस्ता ओला होता की कोरडा, डांबर की काँक्रीट, हे पंचनाम्यात आलेच पाहिजे.

गाड्यांच्या अंतिम जागांसाठी चाक नको. किलोमीटरचा दगड आणि विजेचा खांब अशा दोन पक्क्या बिंदूंपासून टेपनेच मोजा. उलटतपासणीत तेच टिकते.