टीएक्सटी की सीनेम? क्लाउड अकाउंट बदलताना डोमेन कशाने व्हेरिफाय करायचं

मित्राला चालू साइट जुन्या क्लाउड अकाउंटमधून नव्यात न्यायचीये, नवं अकाउंट विचारतंय डोमेन तुमचंच कशावरून, आणि गडी तिथेच अडकलाय. दोन्ही म्हणजे डीएनएसमधल्या (डोमेनची साइट कुठे आहे ते सांगणारी नोंदवही) नोंदी, म्हणजेच रेकॉर्ड: टीएक्सटीत नुसता मजकूर, सीनेम एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवतो.

साइट बंद पडायची भीती असेल तर टीएक्सटी बिनघोर. ट्रॅफिकशी त्याचं काही देणंघेणं नाही आणि एकाच नावावर अनेक चालतात, त्यामुळे जुन्या अकाउंटचा तसाच ठेवून नवा टाकता येतो. अझ्युर ॲप सर्व्हिसमध्ये (मायक्रोसॉफ्टची साइट चालवायची सेवा) तर साइट न हलवता आधीच मालकी सिद्ध होते. सीनेम मात्र हट्टी, ज्या नावावर तो तिथे दुसरा रेकॉर्ड नको, म्हणून मूळ डोमेनवर (तिथे इतर रेकॉर्ड असतातच) बसतच नाही.

नंतरची कटकट कमी हवी तर सीनेम पुढे. एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचा क्लाउड) सर्टिफिकेटसाठी (साइटला https देणारं) तो एकदा टाकला की रिन्यूअल आपोआप, फक्त रेकॉर्ड उडवायचा नाही आणि सर्टिफिकेट वापरात हवं. पण अकाउंट बदललं की सीनेमही नवा, जुना चालणार नाही. डीएनएस क्लाउडफ्लेअरवर असेल तर त्या रेकॉर्डचं प्रॉक्सी (ट्रॅफिक त्यांच्यामार्फत वळवणं) बंद ठेवा.

मेहनत सारखीच. काही डीएनएस पॅनल रेकॉर्डच्या नावापुढे डोमेन स्वतःच चिकटवतात तेवढं बघा (निम्मी व्हेरिफिकेशन्स इथेच लटकतात बहुतेक).

एकदाच मालकी दाखवायचीये तर टीएक्सटी, एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट वर्षानुवर्षं चालवायचंय तर सीनेम.