सांधे आणि लिव्हर दोन्ही दुखणी असतील, तर आधी कोणाकडे?

सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, बोटांचे सांधे सुजलेत आणि रक्ताच्या रिपोर्टवर हिपॅटायटिस बी किंवा सी ‘रिअॅक्टिव्ह’ लिहून आलंय. अशा माणसाला घरचे, शेजारचे आणि मेडिकलवाला मिळून चार डॉक्टर सुचवतात.

हाडांचे डॉक्टर सगळ्यात आधी गाठले जातात, कारण ते तालुक्यालाही असतात. गुडघा झिजला असेल तर तेच बरोबर. पण दोन्ही हातांची बोटं एकदम धरणारा वात हा बहुतेकदा प्रतिकारशक्तीचा घोळ असतो. त्यावर नुसती वेदनाशामकं चालू ठेवली तर सांधे वाकडे होत राहतात, आणि सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आक्रसलेलं, असेल तर डायक्लोफेनॅकसारखी गोळी किडनीवर उठते. वातावरच्या बिननावाच्या पुड्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, म्हणून तर दोन दिवसांत ‘गुण येतो’. तेच स्टिरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेलं की दबून असलेला बी विषाणू पुन्हा उसळू शकतो.

तेव्हा खरी निवड दोघांतली: संधिवाततज्ज्ञ, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, की यकृततज्ज्ञ? माझं मत असं, की उत्तर विषाणूवर ठरतं.

सी असेल तर पहिला नंबर लिव्हरवाल्यांचा. एक तर सी विषाणू स्वतःच सांधे दुखवतो आणि आमवातासाठी, म्हणजे वर सांगितलेल्या प्रतिकारशक्तीच्या वातासाठी, रक्तात बघतात तो आरए फॅक्टरही पॉझिटिव्ह आणतो, त्यामुळे आमवात नसताना आमवाताचा शिक्का बसू शकतो. अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी इथे जास्त भरवशाची. दुसरं म्हणजे सी आता बरा होतो: सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर ही औषधं, साधारणपणे 12 आठवडे, आणि शंभरातले 95हून जास्त रुग्ण विषाणूमुक्त. त्यानंतर सांध्यांच्या औषधांची निवड खूप मोकळी होते. मात्र अँटीबॉडीची पट्टी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, म्हणून आरएनए (रक्तातला प्रत्यक्ष विषाणू) निगेटिव्ह असल्याचा कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावा. नाहीतर प्रत्येक नव्या दवाखान्यात तीच उलटतपासणी. सांधे झपाट्याने बिघडत असतील तर अर्थातच बारा आठवडे थांबायचं नाही, दोघांकडे एकदम जायचं.

बीचं तसं नाही. तो सहसा पुरता जात नाही, फक्त दाबून ठेवता येतो. म्हणून इथे गाडी संधिवाततज्ज्ञाने चालवावी आणि यकृततज्ज्ञाने ब्रेकवर पाय ठेवावा. पण कोणत्या संधिवाततज्ज्ञाने? पहिल्याच भेटीत एसजीपीटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, न बघता ‘मेथोट्रेक्सेट 15, आठवड्यातून एकदा’ लिहिलं, तर तुम्ही नम्रपणे विचारा. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड ही आमवाताची दोन्ही औषधं लिव्हरला जड, जुनाट हिपॅटायटिसमध्ये सहसा टाळतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलझिन त्या मानाने सौम्य. पहिल्यासाठी डोळ्यांची तपासणी तेवढी ठेवावी लागते. चांगला डॉक्टर एचबीएसएजीबरोबर (बी आत्ता अंगात आहे का) कोअर अँटीबॉडीही (तो कधी येऊन गेला का) तपासायला सांगतो. कारण एचबीएसएजी निगेटिव्ह आणि कोअर पॉझिटिव्ह असलेल्या माणसालाही रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधानंतर बी उसळण्याचा धोका असतो. तिथे एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही बी दाबणारी गोळी आधीपासून सुरू करतात आणि रिटुक्सिमॅब संपल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवतात. बरं वाटतंय म्हणून ती गोळी परस्पर बंद करणं हा या सगळ्यातला सर्वांत घातक उद्योग.

सिऱ्होसिस असेल, पोटात पाणी झालं असेल, तर विषाणू कोणताही असो, यकृततज्ज्ञ आधी.

आता जागा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयात दोन्ही विभाग एका इमारतीत मिळतात, एका दिवसात दोघांची भेट होते, आणि बिलही त्याच मापाचं. परळच्या केईएमसारख्या शिकवणाऱ्या रुग्णालयातही दोन्ही तज्ज्ञ भेटतात, पैसे फार कमी लागतात, पण ओपीडीचे वार वेगळे असू शकतात आणि केसपेपरची रांग पहाटेच लागते. तरी औषधांच्या खर्चाचा विचार केला तर सरकारी बाजू जड आहे: 2018मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सांधे खासगीत आणि लिव्हर सरकारीत अशी वाटणी करायलाही हरकत नाही, फक्त दोघांच्या चिठ्ठ्या एकमेकांना दिसल्या पाहिजेत.

जिल्ह्याच्या गावात दोघं दोन टोकांना बसतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत. तिथे मी नावाजलेल्यापेक्षा चिठ्ठी लिहून देणारा डॉक्टर निवडेन. ‘लिव्हरवाल्यांना विचारून घ्या’ हे तोंडी सांगणं वेगळं आणि ‘हे औषध सुरू करायचंय, रक्तात बी विषाणूचा डीएनए किती आहे कळवा’ अशी लेटरहेडवर एक ओळ लिहिणं वेगळं.

गुळवेलीचा काढा घेत असाल तर तोही दोघांना सांगा. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने ते मानलं नाही, पण आधीच आजारी लिव्हरवर हा वाद सोडवायची गरज नाही.

सांगली-साताऱ्याच्या माणसाला दर महिन्याला मुंबई परवडत नाही. एकदा औषधं बसली की रक्ताच्या तपासण्या गावच्या लॅबमध्ये करून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवायला बरेच डॉक्टर तयार असतात. पहिल्या भेटीतच तसं विचारून घ्या. पण डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयात जायचं.