पावसातला संगीत महोत्सव : तंबूत राहावे, शहरात राहावे की एकच दिवस जावे?

नाशिकजवळ खुल्या मैदानावर होणाऱ्या दोन दिवसांच्या संगीत महोत्सवाचे तिकीट काढून ठेवलेले असते आणि हवामान खाते नेमक्या त्याच शनिवार-रविवारसाठी पावसाचा इशारा देते. अशा वेळी बहुतेक जण ‘जावे की न जावे’ यावरच खल करत बसतात. माझ्या मते त्याआधी सोडवायचा प्रश्न आहे तो रात्र कोठे काढायची, हा. समोर वादन रंगलेले असताना हजारो श्रोत्यांच्या सोबतीने भिजणे सोसते, पुष्कळदा त्या दोन दिवसांचे खरे सुख त्यातच असते. पण ओल्या अंथरुणात पहाटेपर्यंत कुडकुडत काढल्यावर दुसऱ्या दिवशीचे उत्तमातले उत्तम गाणेही कानावरून नुसते निघून जाते. म्हणून येथे तीन मार्गांची तुलना केली आहे : मैदानालगत तंबूत राहणे, शहरात खोली घेऊन ये-जा करणे आणि एकाच दिवसापुरते जाणे.

अजिबात न जाण्याचा मार्गही आहेच, पण तो वाटतो तितका स्वस्त पडत नाही. बहुतेक तिकिटांच्या अटींत पावसातही कार्यक्रम होईल असे लिहिलेले असते आणि संपूर्ण कार्यक्रम रद्द झाला तरच पैसे परत मिळण्याची शक्यता असते. म्हणजे घरी राहून तिकिटाचे पैसे वाचत नाहीत, वाचतो तो प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च. ही अट आधी वाचून घ्यावी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावरच उभा राहतो.

पाऊस कोणता, हे आधी पाहावे

नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला असलेल्या इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर भागात तो याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे ‘नाशिकला महोत्सव आहे’ एवढ्या माहितीवर निर्णय घेता येत नाही. मैदान ओझर-दिंडोरीच्या बाजूला असेल तर ऑगस्टमध्येही दोन सरींच्या मध्ये कोरडे तास मिळू शकतात. तेच मैदान त्र्यंबकच्या रस्त्याला पुढे असेल तर झड लागली की दिवसदिवस सुटत नाही.

ऋतूचा फरक याहूनही मोठा आहे आणि तो फारसा कोणी लक्षात घेत नाही. आपल्याकडचे मोठे खुले महोत्सव आयोजक मुद्दाम हिवाळ्यात ठेवतात. नाशिकचा सुला फेस्ट २००८ साली सुरू झाला, तोही फेब्रुवारीचा. तरीही अवकाळी पाऊस कोणाचे वेळापत्रक पाहत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला डिसेंबर २०१४ मध्ये अशाच पावसामुळे ठरलेल्या तारखा सोडाव्या लागल्या आणि तो जानेवारी २०१५ मध्ये घेण्यात आला. श्रावणातल्या पावसात नाशिकची रात्र सहसा वीस अंशांच्या खाली जात नाही, त्यामुळे भिजलेला माणूस वैतागतो, पण गारठत नाही. फेब्रुवारीतली रात्र मात्र बारा-तेरा अंशांवर येऊ शकते. त्यात अंग ओले आणि वारा सुटलेला असेल तर हुडहुडी भरते, आणि ती गोधडीने जात नाही, कोरड्या कपड्यांनीच जाते. तंबू घ्यायचा की खोली, हे ठरवताना पावसाच्या मिलिमीटरइतकेच रात्रीच्या किमान तापमानालाही वजन द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. (द्राक्षाच्या काढणीच्या दिवसांत आलेला हाच पाऊस शेजारच्या बागेत तयार मणी तडकवत असतो, घड कुजण्याची धास्ती घालत असतो. मैदानावर आपण भिजण्याचा आनंद घेत असताना बांधापलीकडे कोणाचे वर्ष पणाला लागलेले असते, याचे भान असावे आणि बागांमधून आडवाटा काढू नयेत.)

परतीचा पाऊस या दोन्हींहून वेगळा. सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये दिवसभर ऊन असते, दुपारनंतर ढग जमतात आणि संध्याकाळी, म्हणजे महोत्सव रंगात येण्याच्या वेळेसच, विजांसह सरी कोसळतात. या पावसात तंबू हा पर्याय मी विचारातच घेणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

तंबू : सर्वांत मोठे सुख आणि सर्वांत मोठी गैरसोय

महोत्सव पुरता अनुभवायचा असेल तर मैदानालगत राहण्याला तोड नाही. मंचावरचे शेवटचे गाणे संपल्यावर जे सुरू होते ते खोलीत राहणाऱ्याला कधीच मिळत नाही. कोणीतरी ताडपत्री ताणतो, कोणी गिटार काढतो, कोणी बादलीवर ठेका धरतो, चहाच्या टपरीभोवती अनोळखी माणसे एकमेकांना सुके पंचे देतात, आणि पाऊस जितका जास्त तितकी ही जवळीक जास्त होते. कोरड्या महोत्सवात माणसे आपापल्या घोळक्यात राहतात. पाऊस आला की घोळके मोडतात. गंगापूर धरणाच्या फुगवट्याच्या बाजूला मुक्काम असेल तर सकाळी धुके उतरलेले पाणी समोर असते आणि आदल्या रात्रीचे सूर डोक्यात चालू असतात. ही गोष्ट पैशाने दुसऱ्या मार्गाने मिळत नाही, आणि तिच्यासाठी एक रात्र ओली गेली तरी चालेल असे ज्याला मनापासून वाटते त्याने तंबूच निवडावा.

परंतु त्यासाठी जमीन पारखता आली पाहिजे. मुरमाड उतारावर पाणी झिरपून जाते आणि तासाभरात चालता येते. काळी माती मात्र पाणी पिऊन फुगते, बुटाला थर चढत जातो, चप्पल चिखलातच राहते आणि वाहनतळासाठी दिलेल्या शेतात गाड्यांची चाके जागच्या जागी फिरत राहतात. जर्मनीतल्या वॅकन महोत्सवाला २०२३ मध्ये चिखलामुळे श्रोत्यांना आत घेणे मध्येच थांबवावे लागले होते. जगभर नावाजलेली, वर्षानुवर्षांचा अनुभव असलेली यंत्रणाही भिजलेल्या जमिनीपुढे हतबल होते, हे त्यातून दिसते. म्हणून आयोजकांना विचारण्याचा पहिला प्रश्न असा : तंबूची जागा आणि वाहनतळ मुरमावर आहे की काळ्या रानात?

जागा निवडायची मुभा असेल तर उताराचा वरचा भाग घ्यावा, आणि ओहोळाच्या जवळची सपाट, मऊ, मोहक वाटणारी जागा सोडून द्यावी. तंबू दुपदरी असावा आणि बाहेरचा पदर आतल्या कापडाला टेकता कामा नये, कारण टेकलेल्या जागेतून पाणी आत उतरते. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर आली तर तिच्यावर पडलेले पाणी थेट अंथरुणाखाली जाते, म्हणून ती चारही बाजूंनी आत दुमडावी. इतके सांभाळूनही दोन दिवसांत ओले झालेले काही वाळत नाही, हे गृहीत धरावे. कपड्यांचा एक संपूर्ण जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवावा आणि तो झोपण्यापूर्वी उघडू नये.

फिरत्या स्वच्छतागृहांविषयी एवढेच सांगतो की पहिल्या दिवशी दुपारी ती कशी आहेत यावरून काही ठरवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळची स्थिती खरी. सोबत वृद्ध किंवा लहान मुले असतील तर केवळ या एका कारणासाठी तंबू टाळावा.

खोली : कोरडी रात्र, पण परतीची वाट

शहरात खोली घेण्याचा फायदा उघड आहे : गरम पाणी, कोरडे अंथरूण, फोन चार्ज करण्याची सोय आणि दुसऱ्या दिवशी ताजे कान. नाशिककरांना तर खोलीचा खर्चही नाही. चार जणांत खोली वाटून घेतली तर भाड्याने मिळणाऱ्या तंबूच्या तुलनेत फार फरक उरत नाही, त्यामुळे खर्च हा तंबूच्या बाजूचा मुद्दा समजू नये.

या मार्गाचे दुखणे परतीच्या वाटेत आहे. कार्यक्रम सुटल्यावर एकाच अरुंद रस्त्यावर सगळ्या गाड्या येतात, पावसात ॲपवरची टॅक्सी मिळेनाशी होते, आणि मिळाली तरी चिखलाच्या वाहनतळापर्यंत यायला चालक तयार नसतो. या धास्तीने अनेक जण शेवटच्या कलाकाराच्या मध्यातच निघतात, आणि ज्याच्यासाठी तिकीट काढले तोच अर्धा राहतो. त्यावर उपाय एकच : ये-जा करणारी गाडी आधीच ठरवून तिला मुख्य रस्त्यावर डांबरावर थांबायला सांगणे आणि तेवढे अंतर चालत जाणे.

दुसरी अडचण वेळेची आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागेत ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत; राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सूट म्हणून ठरवू शकते आणि तेवढ्या दिवशी ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत जाते. त्यामुळे संध्याकाळी पावसाने दीड तास खाल्ला तर तो रात्री भरून काढता येत नाही. मुख्य कलाकाराची वेळ शक्यतो राखली जाते आणि कात्री बहुधा मधल्या, कमी नावाच्या कलाकारांवर चालते. क्वचित त्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी जागा दिली जाते. तंबूतला श्रोता तेथेच असल्याने त्याला हा बदल कळतो. खोलीतून आरामात चार वाजता येणाऱ्याचे ते गाणे हुकते. नव्या कलाकारांना ऐकण्यासाठी जाणाऱ्यांनी खोली घेतली तरी रविवारी लवकर पोहोचावे.

एकच दिवस

एका दिवसाचा मार्ग मी कमी प्रतीचा मानत नाही. जमिनीचा विचार केला तर शनिवार बरा, कारण ती अजून तुडवली गेलेली नसते. आवडता कलाकार रविवारी असेल तर अर्थात रविवार. मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी हा मार्ग सर्वांत योग्य आहे.

संगीताचे काय होते?

ही बाब तुलनेत हटकून मागे पडते, म्हणून तिच्यावर थोडे थांबतो. विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा वृंद, ढोल, लोकसंगीत, नाचायला लावणारे संगीत पावसात फुलते. मंचावर पक्के छत असले आणि वाऱ्याने पाऊस आडवा येत नसला तर वादकांना विशेष अडचण येत नाही. शिवाय दमट हवेत वरच्या पट्टीतले सूर कोरड्या हवेपेक्षा कमी विरतात, त्यामुळे सर ओसरल्यावर मागे उभ्या असलेल्यालाही आवाज स्वच्छ येऊ शकतो. रागसंगीताचे तसे नाही. तबल्याची पुडी ओलावा धरते आणि सूर उतरतो, तंबोरा आणि सतार पुन्हा पुन्हा जुळवाव्या लागतात, आणि छतावरच्या थेंबांच्या आवाजात आलापातली बारीक जागा बुडून जाते. अमेरिकेतल्या १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात पंडित रविशंकर पहिल्याच रात्री पावसात वाजवत होते; श्रोत्यांनी ते ऐकले, पण सतारीला हवी असणारी शांतता तेथे नव्हती.

म्हणून मल्हाराचे प्रकार निवांत ऐकण्यासाठी जीव आसुसला असेल तर मैदानाचा हट्ट सोडून सभागृहातली मैफल निवडावी. शालिमारजवळचे महाकवी कालिदास कलामंदिर आणि पंचवटीत इंद्रकुंडाजवळचे पंडित पलुस्कर सभागृह त्यासाठी आहेत. ज्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच पंचवटीत रामनामात आणि संगीतात घालवली, त्यांच्या नावाच्या सभागृहात बाहेर पाऊस कोसळत असताना मियाँ मल्हार ऐकणे हा मैदानी महोत्सवाला पर्याय नसला तरी त्याच्या तोडीचा आनंद आहे.

जेथे तडजोड नाही

विजा आणि वारा यांच्या बाबतीत सुख-दुःखाची तुलना थांबते. ऑगस्ट २०११ मध्ये एकाच आठवड्यात अमेरिकेतल्या इंडियाना स्टेट फेअरमध्ये आणि बेल्जियमच्या पुकलपॉप महोत्सवात वादळी वाऱ्याने उभारणी कोसळून माणसे दगावली. वीज चमकल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे, असे समजून मैदान सोडावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परतू नये. तंबू, एकटे झाड, मंचाचे खांब आणि पत्र्याची उघडी शेड यांपैकी काहीही विजेपासून वाचवत नाही; पक्की इमारत किंवा काचा बंद केलेली मोटार वाचवते. परतीच्या पावसात तंबू नको म्हटले ते यासाठीच. अशा वेळी कार्यक्रम कोण थांबवणार आणि माणसांना कोठे हलवणार, याचे स्पष्ट उत्तर आयोजकांकडे नसेल तर मी तिकिटाचे पैसे सोडून देईन.

सामानात छत्रीऐवजी रेनकोट घ्यावा. छत्री बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत आणि ती मागच्याचा मंच झाकते. पायात गमबूट किंवा नाडीचे जुने बूट असावेत. थोडी रोख रक्कमही जवळ ठेवावी, कारण गर्दीत नेटवर्क गेले की यूपीआय चालत नाही.

मुंबईहून येणाऱ्यांनी परतीचा विचार तिकीट काढतानाच करावा. रविवारी रात्री थकलेल्या अंगाने, पावसात आणि धुक्यात कसारा घाट उतरण्यापेक्षा तीही रात्र नाशिकमध्ये काढून सोमवारी सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस धरणे बरे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मोटारीने जाणाऱ्यांना सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून घाट टाळता येतो. दुचाकींना त्या रस्त्यावर प्रवेश नाही, त्यामुळे मोटारसायकलवरून आलेल्यांपुढे जुना घाटच उरतो, आणि त्यांनी तो दिवसाउजेडीच उतरावा.