रंगीत रिपोर्ट आणि बिनलेबलची बाटली

आमचा ब्रुनो अकरा वर्षांचा लॅब्राडोर. चालताना मागचे पाय घासायला लागला. पंजा उचलून पाहिला तर मधल्या दोन नखांची वरची बाजू झिजून सपाट झालेली. भुंकणंही घोगरं झालं होतं, पण ते आम्ही वयावर ढकललं.

ओळखीतून एक 'नर्व्ह स्कॅन'वाला मिळाला. त्याने ब्रुनोच्या कानाला चिमटा लावला आणि दोन मिनिटांत लाल-हिरव्या पट्ट्यांचा रिपोर्ट हातात दिला: 'नसा 38 टक्के कार्यरत'. लगेच बारा इंजेक्शनांचं पॅकेज, पैसे आगाऊ. बाटलीवर लेबल नाही. 'आमचा स्वतःचा फॉर्म्युला' म्हणे. तिथेच उठायला हवं होतं.

आठवडाभर तो तरतरीत दिसला. मग पाण्याचं भांडं सारखं रिकामं, खायची नुसती वखवख, घरात शू. पोट सुटलं आणि मांड्या मात्र वाळत चालल्या. दुसऱ्या रिपोर्टात नसा '71 टक्के'. त्या संध्याकाळी तो जिन्याच्या पहिल्याच पायरीशी बसून राहिला.

शेवटी मज्जासंस्थेचे आजार बघणाऱ्या पशुवैद्यांकडे गेलो. त्यांनी पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला, ब्रुनोने तो तसाच राहू दिला. गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली, पाय उडालाच नाही. मज्जारज्जू पाठीच्या मधल्या भागात दुखावला असता तर तो उडाला असता, म्हणाले. घोगऱ्या आवाजाचं ऐकून तर दुखणं नसांचंच असल्याचा त्यांचा संशय पक्काच झाला. नसांची खरी तपासणी म्हणजे ईएमजी आणि नर्व्ह कंडक्शन: स्नायूत सुई, नसेला विजेचा झटका. त्यासाठी कुत्र्याला भूल द्यावी लागते. आमचा तर 'स्कॅन' चालू असताना माझा हात चाटत होता!

थायरॉईड कमी असलं तरी नसा अशा दुबळ्या होऊ शकतात, आणि त्यावर गोळी असते. पण नेमकं तिथेच त्या बाटलीने घोळ घातला. लक्षणांवरून तिच्यात स्टेरॉइड असावं, असा डॉक्टरांचा अंदाज. स्टेरॉइडने टी4, म्हणजे रक्तातलं थायरॉईडचं हार्मोन, उगाचच कमी येतं, स्नायूही झडतात. म्हणजे आजाराने किती वाळला आणि इंजेक्शनांनी किती, हे कळायला मार्गच नाही. औषधाचा अंमल उतरेपर्यंत रक्ततपासणी थांबवावी लागली.

टी4 नॉर्मल आला. म्हाताऱ्या लॅब्राडोरांमध्ये स्वरयंत्राच्या आणि मागच्या पायांच्या नसा हळूहळू निकामी होतात, तो हा आजार. बरा होत नाही. आता गळपट्ट्याऐवजी हार्नेस, आणि उन्हात फिरणं बंद.

स्कॅनवाल्याकडे औषधाचं नाव लेखी मागितलं. ते आलं नाही. तिसऱ्या स्कॅनवर सवलत असल्याचा मेसेज मात्र आला.